तारांकित ओळ

सिम्युलेटरच्या आत कायम सत्तावीस अंश.
कोणी न सांगता ठरलेलं.
बाहेर रोझ्नोव्हमध्ये पारा उणे बारा,
बेच्वा नदी काठाकडून गोठत आलेली,
आणि मी पायांत दोन-दोन मोजे चढवून
त्या उबदार चौकटीत
एक ऑर्गन आजारी पाडू बघतेय.

ऑर्गन वरच्या खोऱ्यातल्या चर्चचा, विजेवरचा.
शुल्गानोवाबाई म्हणाल्या, थंडी पडली की
एकोणिसावी पांढरी उतरते.
"नाताळात लोकही तिच्याबरोबर उतरतात,
सवय झालीय त्यांना.
पण मला ऐकू येतं ना."

आत तीन पायांचा तो, पत्र्याची टोपी घातलेला,
आमच्याच गावच्या कारखान्यातला.
तिथे आता रंगाचं गोदाम आहे.

लायब्ररीतून त्याचं मॉडेल उतरवलं:
छत्तीस आकडे.
एवढ्यात तो मावतो म्हणे.
बीटा दोनशे चाळीस. गळती नसल्यातच जमा.
आणि एक व्होल्टेज, जे थेट मोजताच येत नाही:
आलेखावरच्या तिरप्या रेघा मागे ओढत न्यायच्या,
शून्याच्याही मागे,
जिथे करंट कधी गेलाच नाही,
तिथे त्या सगळ्या एका ठिपक्यात भेटतात.
(माझ्या माहेरचे लोक असेच भेटतात,
कोणी गेलं की.)

चालवलं. स्वर सरळ.
चार अंशांवर आणलं, जानेवारीत चर्चमध्ये तेवढंच असतं,
तरी सरळ,
पहिल्या बाकावरच्या मुलासारखा.
बिघाड नाही.
म्हणजे शुल्गानोवाबाईंचे कान खोटे.

बोहुमीर व्रला, मोजणी विभाग, माझे पहिले साहेब.
ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं एक डबा पाठवला होता:
स्क्रू, एका काडीचा चष्मा, अकरा फ्लॉप्या.
सात उघडल्याच नाहीत.
आठवीत तोच ट्रान्झिस्टर, त्यांच्या हातचा,
साल अठ्ठ्याऐंशी.
बीटा एकाहत्तर. गळती लपवलेली नाही.
आणि सगळ्यात वर
ताऱ्यानं सुरू होणारी एक ओळ.

ताऱ्यानं सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही,
दारातल्या मांजराला ओलांडावं
तसं ओलांडून पुढे जातं.
मी वाचली:

* बाद पेटीतला तुकडा. चांगले निर्यातीला गेले.
* मोजताना हीटर बंद होता. बोटं लागली असतील, माफी.

बसवला तो.
चार अंश.
एकोणिसावी पांढरी उतरली,
कठडा धरून म्हातारा उतरतो तशी,
नेमकी तेवढीच,
शुल्गानोवाबाईंनी गुणगुणून दाखवली होती तेवढी.

खोऱ्यातल्या ऑर्गनमध्ये निर्यातीचा माल
कोण घालणार होतं?
आम्हाला उरलेलं.
रेडिओत, लिफ्टच्या घंटीत,
आईच्या कानामागच्या यंत्रात,
सगळीकडे बाद पेटी.
आई त्यातून ऐकायची, थोडी खरखर,
आणि म्हणायची, तू आज लवकर आलीस.
लवकर आलेली नसायचे मी.
खरखरीत "उशिरा"चा "उ" गळून जायचा की काय,
की तिला तसंच ऐकायचं असायचं,
हे मोजलं नाही कधी.

दोन रेझिस्टर बदलायचे, एक डायोड वाढवायचा.
स्क्रीनवर स्वर जागेवर आला.
टोपीवाल्याला हात लावणार नाही.
बुधवारच्या बसनं वर जाईन.
बाई कॉफी करतील, फार गोड,
आणि मी खाली वाकले असताना
पुन्हा पुन्हा तीच पट्टी दाबत राहतील.

फाईल मिटण्याआधी
व्रलांच्या ओळींखाली एक तारा टाकला:

* तपासलं. बरोबर आहे. आज इथे उणे बारा.
* माझीही बोटं गार आहेत, साहेब.

मग पुन्हा एकदा चालवून पाहिलं.
यंत्र ओलांडून गेलं.